शून्य, एक आणि ई : एका वजाबाकीचे प्रकरण

१२,३४,५६,७८९ या संख्येच्या वर्गातून १२,३४,५६,७८८ आणि १२,३४,५६,७९० यांचा गुणाकार वजा केला तर किती उरतात? लालबाग-परळ भागातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रविवारी सकाळी गणिताचा एक विनामूल्य वर्ग चालतो. त्या वर्गात मी शिकवतो, आणि एका रविवारी हा प्रश्न मुलांना कागदावर दिला होता. त्याच कागदावर आणखी दोन प्रश्न होते, परंतु निम्म्याहून अधिक वेळ या पहिल्याच प्रश्नाने घेतला, आणि तो तसा जाणे योग्यच होते. या वजाबाकीला मुलांनी कोणती उत्तरे काढली, त्यांतले कोणते खरे हे कसे ठरले आणि बाकीचे दोन प्रश्न वेगळे दिसत असूनही त्याच प्रश्नाकडे कसे परत आले, याचा हा वृत्तान्त आहे.

कोरी पाटी घेऊन आलेली मुले नव्हती

मुले आसपासच्या चाळींतून आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतून येतात. काही मराठी माध्यमाची आहेत, बरीचशी सेमी-इंग्रजीची. आठवीतल्यांच्या डोळ्यांसमोर शिष्यवृत्ती परीक्षा असते, तर नववी-दहावीतल्या दोघा-तिघांना गणित ऑलिंपियाडची पहिली फेरी खुणावत असते. या ऑलिंपियाडचे काम पाहणारे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईतच, मानखुर्दला आहे. त्यामुळे कुर्ल्याला गाडी बदलून जाता येईल एवढ्याच अंतरावरची ही महत्त्वाकांक्षा असल्याचे मुलांना वाटते, आणि ते चांगलेच आहे. या परीक्षांत गणकयंत्र चालत नाही. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेतही चालत नाही.

प्रस्तुत प्रश्नाला लागणारे सगळे साहित्य या मुलांकडे आधीपासून होते, ही या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांत सातवीला वर्गविस्ताराची सूत्रे येतात, आठवीला विस्तार सूत्रे आणि बैजिक राशींचे अवयव येतात. (अ + ब)(अ − ब) = अ² − ब² हे सूत्र वर्गातील प्रत्येकाला तोंडपाठ होते. 'सूत्राचा उपयोग करून १०२ × ९८ ची किंमत काढा' असा प्रश्न दिला असता तर एकानेही चूक केली नसती. मात्र प्रश्नात 'सूत्राचा उपयोग करून' हे शब्द नसले की सूत्राची आठवण होत नाही, आणि समोर केवळ अंक दिसले की हात यंत्राकडे जातो. बीजगणित हा अक्षरांचा विषय आणि अंकगणित हा अंकांचा, अशी भिंत मुलांच्या मनात नकळत उभी राहिलेली असते. ती दिसावी यासाठीच त्या दिवशी कोणतेही साधन वापरण्याची मुभा दिली होती.

तीन साधने, तीन उत्तरे

नववीतील एका मुलीच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. तिने दुकानातील बारा अंकी गणकयंत्र दप्तरातून आणले होते. तिने पहिला वर्ग करण्यासाठी संख्या दाबली, गुणाकाराचे चिन्ह दाबले, पुन्हा तीच संख्या दाबली, आणि बरोबरचे चिन्ह दाबताच पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात 'ई' हे इंग्रजी अक्षर उमटले. उत्तर सतरा अंकी असल्यामुळे ते बारा घरांत मावणे शक्य नव्हते, आणि यंत्राने तसे स्पष्ट कळवले.

दहावीतील एका मुलाने वाचनालयाच्या संगणकावर आकडेमोडीचा तक्ता (स्प्रेडशीट) उघडून एका घरात संपूर्ण सूत्र टाकले. उत्तर आले शून्य. दोघांनी फोनवरील गणकयंत्रे वापरली. त्यांतील एकावर शून्य आले, दुसऱ्यावर एक.

"सर, कॉम्प्युटर शून्य सांगतोय म्हणजे शून्यच. फोनवर हिने काहीतरी चुकीचं दाबलं असणार," असे दहावीतला मुलगा म्हणाला.

"मी दोनदा दाबून बघितलं, दादा. दोन्ही वेळा एकच आला," असे आठवीतील मुलीने उत्तर दिले.

हात वर करून मते घेतली तेव्हा शून्याला मोठे बहुमत मिळाले. बहुतेकांचा युक्तिवाद असा की मोठ्या यंत्राचे म्हणणे लहान यंत्रापेक्षा अधिक विश्वसनीय असणार. शिवाय एकमेकींच्या इतक्या जवळ असलेल्या संख्यांचे गुणाकार सारखेच येणार, हे त्यांना स्वाभाविकही वाटत होते. ज्या मुलीच्या फोनने एक दाखवला होता, तिचे उत्तर बरोबर होते. पण ते बरोबर का, हे तिलाही सांगता येत नव्हते, आणि त्यामुळे बहुमतापुढे तिची बाजू लंगडी पडत होती.

या टप्प्यावर मी एकच विचारले: गुणाकार पूर्ण न करता दोन्ही संख्यांचा एकक स्थानचा अंक सांगता येईल का? पहिल्या गुणाकारात ९ ला ९ ने गुणायचे आहे, म्हणून शेवटी १ येणार. दुसऱ्यात ८ ला ० ने गुणायचे आहे, म्हणून शेवटी ० येणार. ज्या दोन संख्यांच्या शेवटी वेगवेगळे अंक आहेत, त्यांची वजाबाकी शून्य होऊच शकत नाही. संगणक खोटा ठरण्यास एवढे पुरे होते. एक हे उत्तर यातून सिद्ध होत नाही, कारण ११, २१ किंवा ९,९९१ यांच्याही शेवटी १ आहे. पण शून्य मात्र निश्चितपणे बाद झाले. वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग दहावीतल्या मुलाने, काहीशा नाराजीने, तक्त्यात प्रत्येक गुणाकार वेगळ्या घरात मांडून पाहिला.

शून्य कोठून आले

त्या दोन घरांत जे दिसले ते बोलके होते. दोन्हीकडे १५,२४,१५,७८,७५,०१,९०,५०० हीच संख्या होती. नऊ हा अंक शेवटी असलेल्या संख्येच्या वर्गाच्या शेवटी दोन शून्ये कशी येतील, हा प्रश्न आता मुलांनीच विचारला. तक्ता पंधरा अंक दाखवतो आणि उरलेल्या स्थानांवर शून्ये भरतो, हे त्यामागचे साधे कारण आहे. परंतु गोष्ट केवळ दाखवण्यापुरती नाही; साठवतानाही संख्येची काटछाट झालेली असते.

संगणकाने संख्या कशा साठवाव्यात हे सांगणाऱ्या, १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार संगणक अशा संख्येसाठी ६४ बिटांची, म्हणजे ० किंवा १ मावेल अशा ६४ घरांची, जागा राखतो आणि त्या जागेत संख्येचे सार्थ अंक द्विमान पद्धतीत (केवळ ० आणि १ वापरून) ५३ स्थानांपुरतेच मावतात. त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्णांक अचूक साठवता येतो. त्याच्या पुढे, त्याच्या दुपटीपर्यंत, केवळ सम संख्याच साठवता येतात. आपल्या प्रश्नातील वर्ग याच पट्ट्यात पडतो. त्याची खरी किंमत १५,२४,१५,७८,७५,०१,९०,५२१ आहे, आणि ती विषम असल्यामुळे तिला जागाच नाही. ५२० आणि ५२२ हे शेजारी तिच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. अशा वेळी कोणता शेजारी निवडायचा याचाही नियम ठरलेला आहे आणि त्या नियमाने ५२० निवडला जातो. दुसरा गुणाकार मुळातच १५,२४,१५,७८,७५,०१,९०,५२० असल्यामुळे तो जसाच्या तसा साठवला जातो. दोन्ही घरांत एकच संख्या बसली, मग वजाबाकी शून्य येण्यावाचून दुसरे काय होणार? बिनचूक नियम बिनचूक पाळून यंत्राने चुकीचे उत्तर दिले, असे म्हणावे लागते. ज्या फोनने एक दाखवला, त्यातील गणकयंत्र अधिक अंक राखून ठेवणाऱ्या जातीचे होते, एवढाच फरक.

दुकानातल्या यंत्राच्या बाजूने येथे एक शब्द सांगणे आवश्यक आहे. त्याने 'मला झेपत नाही' असे सरळ कळवले. शून्य दाखवणाऱ्या साधनांनी तसे काही सुचवले नाही, आणि म्हणूनच ती अधिक धोक्याची होती.

अक्षर कोणाला द्यायचे

यानंतर यंत्रे बाजूला ठेवून कागदावर काम सुरू झाले. आठवीतील एका चिकाटीच्या मुलाने दरम्यान दोन्ही गुणाकार हाताने उभे मांडून पुरे केले होते आणि त्याचे उत्तर एक आले होते. त्याचे कौतुक झाले, पण त्याच्या सतरा अंकी ओळी तपासण्याची तयारी कोणीही दाखवली नाही.

अक्षरे वापरण्याची सूचना मिळताच बहुतेकांनी जे केले ते पाहण्यासारखे होते. एका गटाने तीन संख्यांना तीन अक्षरे दिली: सर्वांत लहान संख्येला अ, मधलीला ब, मोठीला क. मग प्रश्न ब² − अक असा झाला आणि तेथेच थांबला. त्यांनी बराच वेळ त्या राशीकडे पाहिले. तिचे अवयव पडतात का, सूत्र लागते का, हेही करून पाहिले. काही होण्यासारखे नव्हतेच, कारण तीन वेगळी अक्षरे घेतल्याबरोबर प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती, म्हणजे या संख्या लागोपाठच्या आहेत ही, कागदावरून नाहीशी झाली होती. अंकांत ती निदान डोळ्यांना दिसत तरी होती. नावे दिली म्हणजे बीजगणित झाले, ही समजूत या ठिकाणी उघडी पडली. बीजगणिताचे काम नाते लिहून ठेवण्याचे आहे. या तिघांचे एकमेकांशी नाते काय, असे विचारल्यावर त्या गटाने अ = ब − १ आणि क = ब + १ असे लिहिले, आणि पुढचे दोन ओळींत संपले.

दुकानदाराच्या मुलीने लहान संख्येला क्ष म्हटले होते. तिची मांडणी अशी होती:

(क्ष + १)² − क्ष(क्ष + २) = क्ष² + २क्ष + १ − क्ष² − २क्ष = १

दहावीतल्या मुलाने मधल्या संख्येला क्ष म्हटले:

क्ष² − (क्ष − १)(क्ष + १) = क्ष² − (क्ष² − १) = १

दोन्ही मांडण्या बरोबर आहेत, तरी दुसरी अधिक चांगली, असे माझे मत आहे आणि ते मी वर्गात आग्रहाने मांडले. मधल्या संख्येला अक्षर दिले की दोन्ही बाजूंच्या संख्या उणे-अधिक अशा जोडीने येतात, मधली पदे आपोआप गळतात आणि पाठ असलेले सूत्र समोर उभे राहते. लांबलचक विस्तार करून शेवटी सगळे रद्द करण्यापेक्षा, रद्द होणारे मुळात लिहावेच लागू नये अशी अक्षराची जागा शोधणे, हे या विद्येतील खरे कसब आहे.

दुसऱ्या मांडणीत एक खाचही आहे. दोघा मुलांनी कंस सोडवताना क्ष² − क्ष² − १ असे लिहून उत्तर उणे एक काढले. वजा चिन्हापुढचा कंस उघडताना आतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते, हे त्यांना ठाऊक होते. घाईत ते राहून गेले. अशी चूक पकडण्यासाठी क्ष च्या जागी २ घालून पाहणे पुरेसे असते: ४ मधून १ × ३ वजा केल्यास १ उरतो, उणे एक नव्हे. मोठ्या संख्येवरील उत्तर लहान संख्येवर तपासता येणे, ही सोय अक्षरामुळेच मिळते. यंत्रावर काढलेल्या शून्याला अशी कसोटी लावता आली नसती.

त्यानंतर आठवीतल्या एका मुलाने जी शंका काढली, ती त्या सकाळची सर्वांत चांगली शंका होती. "सर, पण यात संख्या गेली कुठे? बारा कोटी कुठेच वापरले नाहीत." ते खरेच वापरले गेले नव्हते. पाचासाठी २५ − २४, दहासाठी १०० − ९९, शंभरासाठी १०,००० − ९,९९९. संख्या कोणतीही घ्या, उरतो एकच. बारा कोटींचा आकडा उत्तराशी संबंध नसलेला, केवळ गुणाकार अवघड व्हावा म्हणून निवडलेला होता. प्रश्न काढणारे अशा आकड्यांचा वापर बुजगावण्यासारखा करतात, हे एकदा ध्यानात आले की मोठा आकडा दिसताच गुणाकार करू जाण्याऐवजी तो रद्द होईल का, हे आधी पाहण्याची सवय लागते.

दुकानदाराच्या मुलीला येथे वडिलांच्या हिशेबाची आठवण झाली. १९ रुपयांची २१ पाकिटे घेतली तर ते यंत्राला हात न लावता ३९९ रुपये सांगतात. वीस गुणिले वीस चारशे, त्यात एक कमी, असा त्यांचा हिशेब असतो. क्ष हे अक्षर त्यात कोठेही नाही, पण (क्ष − १)(क्ष + १) = क्ष² − १ हेच नाते वापरात आहे.

ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत वर्ग काढण्याच्या पद्धतींमध्ये ती येते: संख्येत सोयीची एक संख्या मिळवावी, तीच संख्या वजाही करावी, आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करावा आणि त्यात त्या सोयीच्या संख्येचा वर्ग मिळवावा. तेथे वर्ग काढण्यासाठी दिलेल्या उदाहरणांत २९७ आणि १०,००५ या संख्या आहेत, आणि त्या किती विचारपूर्वक निवडल्या आहेत ते रीत लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. २९७ साठी ३ ही सोयीची संख्या घेतली की २९४ × ३०० म्हणजे ८८,२००, अधिक ९, म्हणजे ८८,२०९. १०,००५ साठी ५ घेतले की १०,००० × १०,०१० अधिक २५, म्हणजे १०,०१,००,०२५. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख उजेडात आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे याच शहरातले, आणि त्यांच्या नावाचे भायखळ्याचे संग्रहालय या अभ्यासिकेपासून फार दूर नाही. मुले शाळेच्या सहलीत तेथे जाऊन आलेली असतात, पण हा संबंध त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

तोच एक, दुसऱ्या वेशात

कागदावरील दुसरा प्रश्न असा होता: २०२२ × २०२३ × २०२४ × २०२५ या गुणाकारात १ मिळवला असता येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढा. हा गुणाकार चौदा अंकी होतो, त्यामुळे दुकानातले यंत्र येथेही थकते. संगणकाला तो अचूक येतो. म्हणजे येथे यंत्र खोटे पडत नव्हते, आणि तरीही ते ज्या गोष्टीचे उत्तर देत नव्हते ती म्हणजे वर्गमूळ पूर्णांकच का यावे.

दहावीतल्या मुलाने पहिल्या संख्येला क्ष म्हणून सगळा विस्तार केला आणि क्ष⁴ + ६क्ष³ + ११क्ष² + ६क्ष + १ या राशीपाशी पोहोचला. विस्तार अचूक होता. ही राशी क्ष² + ३क्ष + १ चा वर्ग आहे, पण ते दिसण्यासाठी सरावलेली नजर लागते, आणि त्या मुलाचा त्यात बराच वेळ गेला.

दुकानदाराच्या मुलीने विस्तार केला नाही. तिने टोकाच्या दोन संख्यांची एक जोडी केली आणि मधल्या दोघींची दुसरी. क्ष(क्ष + ३) = क्ष² + ३क्ष आणि (क्ष + १)(क्ष + २) = क्ष² + ३क्ष + २; या दोन गुणाकारांत केवळ दोनाचा फरक आहे. त्यांच्या मधोमध असलेल्या संख्येला तिने म हे अक्षर दिले. मग संपूर्ण प्रश्न (म − १)(म + १) + १ एवढाच उरला, आणि पहिल्या प्रश्नावरून सर्वांना ठाऊक होते की याचे उत्तर म² आहे. वर्गमूळ म, म्हणजे टोकांच्या गुणाकारापेक्षा एकाने अधिक. एवढे झाल्यावर २०२२ × २०२५ हा गुणाकार करावाच लागतो; तोही तिने (२००० + २२)(२००० + २५) असा मांडून ४०,००,००० + ९४,००० + ५५० म्हणजे ४०,९४,५५० असा तोंडी केला. उत्तर ४०,९४,५५१.

अक्षरे दोनदा दिली गेली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिल्यांदा संख्येला आणि दुसऱ्यांदा त्या अक्षरातून तयार झालेल्या राशीला. दुसऱ्यांदा नाव देण्याची कल्पना मुलांना पुस्तकातून क्वचितच मिळते, आणि कठीण दिसणारे प्रश्न बहुधा तिच्याच अभावी अडतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरा प्रश्न तुलनेचा होता. ९८,७६,५४,३२१ भागिले ९८,७६,५४,३२२ आणि ९८,७६,५४,३२२ भागिले ९८,७६,५४,३२३ यांपैकी मोठा अपूर्णांक कोणता? दुकानातल्या यंत्राने दोन्हींसाठी तेच अंक दाखवले, आणि संगणकाच्या तक्त्यानेही. ते साहजिक आहे, कारण दशांशचिन्हानंतरच्या सतरा स्थानांपर्यंत हे दोन्ही अपूर्णांक अगदी सारखे आहेत आणि पहिला फरक अठराव्या स्थानावर पडतो. या खेपेस शून्य की एक असा वाद झाला नाही; मुलांनी यंत्राला विचारले ते केवळ गंमत म्हणून.

मधल्या संख्येला क्ष म्हटले की तुलना (क्ष − १)/क्ष आणि क्ष/(क्ष + १) यांची होते. दोन्ही छेद धन असल्यामुळे तिरकस गुणाकार करता येतो: एका बाजूला (क्ष − १)(क्ष + १), दुसऱ्या बाजूला क्ष². दुसरी बाजू एकाने मोठी, म्हणून दुसरा अपूर्णांक मोठा. छेद धन आहेत हे म्हणून टाकण्याची सवय मात्र लावावी लागते, कारण छेद ऋण असेल तर तिरकस गुणाकारात असमानतेची दिशा उलटू शकते. आठवीतल्या मुलीने दुसरा मार्ग काढला: पहिला अपूर्णांक एकापेक्षा १/क्ष ने कमी आहे, दुसरा १/(क्ष + १) ने, ज्यात कमी घट तो मोठा. माझ्या मते हा मार्ग अधिक सुंदर आहे, कारण त्यात गुणाकार करावाच लागत नाही.

जेथे यंत्रच बरे

एवढे यश मिळाल्यावर मुलांना प्रत्येक गुणाकारात अक्षरे दिसू लागली. म्हणून चौथा प्रश्न ऐनवेळी फळ्यावर लिहिला: ३८४७ × ५९२६. दोघांनी त्यात मधली संख्या शोधली. ती अर्धी निघाली, ४८८६.५, आणि तिचा वर्ग करून त्यातून १०३९.५ चा वर्ग वजा करणे हे मूळ गुणाकारापेक्षा कितीतरी जास्त काम होते. या संख्यांमध्ये उपयोगी पडेल असे नाते नाही. अशा ठिकाणी उभा गुणाकार करावा, किंवा यंत्र जवळ असेल तर ते वापरावे. आठ अंकी उत्तर कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले आहे.

पुढल्या रविवारचा प्रश्न

पुढल्या रविवारी दुकानदाराच्या मुलीने स्वतःचा प्रश्न आणला. लागोपाठच्या चार संख्यांऐवजी लागोपाठच्या चार विषम संख्या घेतल्या तर काय होईल? २०२१ × २०२३ × २०२५ × २०२७ मध्ये १ मिळवून पूर्ण वर्ग येईल, अशी तिची आधी समजूत होती; पण लहान संख्यांवर तपासताना १ × ३ × ५ × ७ = १०५ आणि १०६ हा पूर्ण वर्ग नाही, हे तिला घरीच दिसले होते. किती मिळवावे लागतील, हे तिने वर्गाला विचारले.

दहावीतल्या मुलाने या वेळी विस्तार केला नाही. त्याने चौघींच्या मधोमध असलेल्या २०२४ ला क्ष म्हटले. मग टोकांचा गुणाकार क्ष² − ९ आणि मधल्या दोघींचा क्ष² − १. या दोहोंत आठाचा फरक आहे, म्हणून त्यांच्या मधोमध क्ष² − ५ ही संख्या येते आणि दोन्ही गुणाकार तिच्यापासून चार-चार अंतरावर आहेत. तिला म म्हटले की प्रश्न (म − ४)(म + ४), म्हणजे म² − १६. मिळवायचे आहेत १६. लहान संख्यांवरील ताळाही जुळला: १०५ + १६ = १२१, म्हणजे ११ चा वर्ग. मोठ्या प्रश्नाचे वर्गमूळ २०२४² − ५, म्हणजे ४०,९६,५७६ − ५ = ४०,९६,५७१.

संख्यांतील अंतर १ असताना १ मिळवावा लागतो, २ असताना १६. मग ३ असताना किती, हे आठवीतल्या मुलीने आपणहून करून पाहिले. १ × ४ × ७ × १० = २८०, त्यात ८१ मिळवले की ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. १, १६ आणि ८१ हे अनुक्रमे १, २ आणि ३ चे चौथे घात आहेत. अंतराला ड हे अक्षर देऊन क्ष(क्ष + ड)(क्ष + २ड)(क्ष + ३ड) + ड⁴ ही राशी तिने फळ्यावर लिहिली, टोकांचा गुणाकार क्ष² + ३क्षड आणि मधल्यांचा क्ष² + ३क्षड + २ड² असे मांडले, आणि त्यांच्या मधल्या राशीला म म्हणून उरलेली ओळ पुरी करण्यासाठी खडू शेजारच्या मुलाच्या हातात दिला. त्याने (म − ड²)(म + ड²) + ड⁴ = म² असे लिहिले.